राहणीचे लेखक, त्यांचें संमेलन आणि हैदराबाद शहर

मोठ्या शहरांतील संमेलनास जावयाचें म्हणजे एका तिकिटांत दोन कामें साधावयाचीं असतात : एक सभेचें आणि दुसरें शहराचें. बहुतेकांचें यांपैकीं एक तरी काम वाया जातें. कांहीं जण तीन दिवस मंडपांत बसून भाषणें ऐकतात आणि परत आल्यावर त्या शहराच्या नळांना पाणी कोठून येतें हेंहि त्यांना सांगतां येत नाहीं. कांहीं जण नोंदणी करून गळ्यांत ओळखपत्र अडकवितात व तें मिरवीत बाजारांत हिंडतात. कवीचें एक वेळ यावांचून अडणार नाहीं. परंतु खाणेंपिणें, कपडालत्ता, घर, सण आणि बाजारहाट, म्हणजे एका शब्दांत माणसांची राहणी, हा ज्याचा विषय आहे त्या लेखकाला सभा व शहर हीं वेगळीं करतांच येत नाहींत. सभेंत ज्याची चर्चा चालते तेंच बाहेर रस्त्यावर मांडून ठेवलेलें असतें.

अशा लेखकांचा, त्यांतहि लेखिकांचा, एक मोठा वर्ग गेल्या पंधरावीस वर्षांत महाराष्ट्रांत तयार झाला आहे. उमरग्यासारख्या तालुक्याच्या गांवीं एखादी सून धपाट्यांची कृति लिहिते, तव्यावरचें चित्र हातांतल्या दूरध्वनीनें टिपते, आणि पुण्यामुंबईच्या घरांत तीं धपाटीं थापलीं जातात. हें लेखन अगदींच नवें आहे असें मात्र नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणी-मित्र' १९१० सालीं निघालें. किर्लोस्करांचें 'स्त्री' मासिक १९३० सालीं सुरू झालें. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नें १९७० सालापासून वाटी-चमच्याच्या मापानें कितीएक नवे संसार सावरले. परंतु या पुस्तकांत मराठवाड्याच्या चुलीला जागा थोडी, आणि संमेलनांच्या व्यासपीठावर तर या सर्वच लेखनाला मान क्वचित् मिळाला. पुण्यास १८७८ सालीं न्यायमूर्ति रानडे यांच्या अध्यक्षतेखालीं ग्रंथकारांची पहिली सभा भरली, तेव्हांपासून कविता, कादंबरी व नाटक यांची चर्चा अखंड चालली आहे. ज्वारीच्या पिठांत उकळतें पाणी कां घालावें, हा प्रश्न मात्र स्वयंपाकघरांतच राहिला. वास्तविक त्यांतहि शास्त्र आहे. गव्हांत पीठ बांधून ठेवणारें जें चिकट द्रव्य असतें तें ज्वारींत नसतें. ऊन पाण्यानें पिठांतला कांहीं अंश शिजून चिकट होतो, म्हणून भाकरी थापतांना फाटत नाहीं.

आतां कांहीं ठिकाणीं हें चित्र पालटत आहे. हैदराबादेस २०१० सालीं सुरू झालेला व जानेवारी महिन्यांत भरणारा साहित्य महोत्सव हें त्याचें जवळचें उदाहरण होय. तो तीन दिवस चालतो, प्रवेशास मूल्य नसतें, आणि दर वर्षीं एक परदेश पाहुणा म्हणून व एक भारतीय भाषा विशेष म्हणून निवडली जाते; २०२३ सालीं हा मान कोंकणीला होता. कवितेच्या जोडीला तेथें शहराचा इतिहास, पर्यावरण, चित्रकला, चित्रपट अशा विषयांच्या बैठकी एकाच वेळीं निरनिराळ्या दालनांत चालतात. उमरग्याच्या लेखिकेला अशा ठिकाणीं जावेंसें वाटलें तर तें स्वाभाविकच आहे. किंबहुना पुण्याहून अगोदर तिनें हैदराबादेस जावें.

याचें पहिलें कारण इतिहासांत आहे. उमरगा हें सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें व १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत. तोंवर या गांवाचें 'मोठें शहर' म्हणजे हैदराबाद. वरच्या न्यायालयाचें काम, मोठें दुखणें, उच्च शिक्षण, सर्व कांहीं तेथें. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिक्षण उर्दूंतून चाले, म्हणून मराठी घरांतला मुलगा गणित व इतिहास उर्दूंत शिकून येई. सार्वजनिक सभेस सरकारची परवानगी लागे. त्या हुकुमाचें 'गश्ती निशाण त्रेपन्न' हें नांव जुन्या माणसांच्या तोंडीं अद्याप ऐकूं येतें. अशा काळांत १९३१ सालीं मराठी साहित्य संमेलन हैदराबादेस भरलें आणि ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष झाले, ही गोष्ट लहान नव्हे. मराठवाड्याच्या बोलींत रश्श्याला 'शेरवा' म्हणतात तो शब्द याच वाटेनें आला. जिल्ह्याचें उस्मानाबाद हें नांवहि शेवटच्या निजामाचें. २०२३ सालीं तें अधिकृतपणें धाराशिव झालें. हैदराबादेंत रुग्णालय, विद्यापीठ आणि चहाबरोबरचें बिस्कीट हीं तिन्हीं अजून उस्मानियाच आहेत.

दुसरें कारण वाटेंत आहे. उमरग्यास रेल्वे नाहीं. सोलापूर-हैदराबाद राजमार्ग मात्र गांवांतून जातो आणि सव्वादोनशें किलोमीटरांच्या आसपासच्या या प्रवासांत महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगण असे तीन प्रांत लागतात. राहणीच्या लेखकाचें संमेलन खरें म्हणजे येथेंच सुरू होतें. उमरग्याचा जोंधळा हुमनाबादेस 'जोळ' होतो आणि जहीराबादेस 'जोन्न'. भाकरी प्रथम 'रोट्टी' होते, मग 'रोट्टे'. धान्य तेंच, थापणारा हात तसाच, केवळ नांव बदलतें. फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांना मराठवाड्यांत 'सुशीला' म्हणतात, तोच पदार्थ कर्नाटकांत 'सुसला' आहे. प्रांतांच्या सीमा नकाशावर ठळक असल्या तरी स्वयंपाकघरांत त्या पुसट असतात. बसच्या थांब्यावर दहा मिनिटें मिळालीं तरी हें कानांनीं व जिभेनें पडताळतां येतें.

मार्गावरून थोडें आंत बसवकल्याण आहे. बाराव्या शतकांत तेथें महात्मा बसवेश्वरांच्या प्रेरणेनें अनुभव मंडप भरत असे. अल्लमप्रभु त्याचे अध्यक्ष. त्यांत परीट मडिवाळ माचिदेव होते, नावाडी अंबिगर चौडय्या होते, चर्मकार हरळय्या होते आणि अक्कमहादेवी होत्या. आपापल्या रोजच्या कामालाच 'कायक' मानून त्यावर हीं माणसें साध्या कन्नडांत बोललीं. राहणीवर बोलण्यासाठीं जमलेल्या सभांची परंपरा शोधावयाची असेल तर ती परदेशांत धुंडाळण्याची गरज नाहीं. ती उमरग्याच्या शेजारीं आहे.

पुढें जहीराबाद. या भागांतील खेड्यांत गरीब व बहुतांशीं दलित स्त्रियांनीं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या साहाय्यानें ज्वारी, बाजरी, राळा, कोद्रा व नाना कडधान्यें यांचीं जुनीं बियाणीं जतन केलीं. संक्रांतीच्या सुमारास सुरू होऊन महिनाभर गांवोगांव फिरणारी त्यांची बियाण्यांची जत्रा प्रसिद्ध आहे. सजविलेल्या बैलगाड्यांत धान्याच्या परड्या मांडलेल्या असतात. मच्नूर येथें १५ ऑक्टोबर २००८ रोजीं या स्त्रियांचें 'संघम् रेडिओ' हें नभोवाणी केंद्र सुरू झालें. पेरणी, औषधपाला, स्वयंपाक यांवर त्यांनीं आपल्याच तेलुगु बोलींत भाषणें केलीं. ज्यांना पुस्तक वाचतां येत नव्हतें त्यांनीं राहणीविषयीं बोलावें आणि इतरांनीं ऐकावें, हें दृश्य शहरांतल्या कोणत्याहि परिसंवादाहून थोर आहे. आणि शहर जवळ आलें कीं पटणचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्था लागते. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर व भुईमूग हीं तिचीं प्रमुख पिकें. म्हणजे उमरग्याच्या ताटांतील भाकरी, पिठलें, वरण आणि शेंगांची चटणी!

आतां सभेकडे वळूं. एकाच वेळीं चार दालनांत चार बैठकी चालल्या असतां सर्व ऐकूं पाहणारा कांहींच ऐकत नाहीं. दिवसांत दोन बैठकी निवडाव्या व त्या पूर्ण ऐकाव्या. मोठ्या मंडपांतील नामांकित वक्त्याचें भाषण दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांत वाचावयास मिळतें. लहान खोलींत पंचवीस माणसांपुढें बोलणारा अभ्यासक मात्र पुन्हां भेटत नाहीं. प्रश्न विचारावयाचा तर तो आपल्या गांवचा विचारावा. 'हुलग्याचें माडगें तुमच्याकडे कोणत्या आजारांत देतात?' या एका प्रश्नानें ज्या ओळखी होतात त्या स्तुतीनें होत नाहींत. भाषेची भीति बाळगूं नये. हैदराबादेंत दख्खनी हिंदी सर्वांना कळते आणि उमरग्याच्या माणसाला ती उपजतच येते.

एक गोष्ट येथें स्पष्ट सांगितली पाहिजे. राहणीच्या लेखकांचे सगळेच मेळावे साहित्याचे नसतात. कित्येक व्यापाऱ्यांनीं भरविलेले असतात. तेथें पाहुण्यांना उत्तम भोजन मिळतें, हॉटेलांत खोली मिळते आणि निघतांना साबण, मसाले, तेलें यांनीं भरलेली पिशवी मिळते. लिहून द्या असें कोणी म्हणत नाहीं. तशी गरजच नसते. फुकट मिळालेल्या मसाल्यांत खोट काढणें भिडस्त माणसाला जड जातें, आणि मध्यमवर्गीय गृहिणी तर भिडेनेंच मारली गेली आहे. परंतु तिच्या वाचकांत अशाही स्त्रिया असतात, ज्या महिन्याच्या हिशेबांतून दोनशें रुपये वांचवून तोच मसाला विकत आणणार असतात. त्यांचा पैसा आणि त्यांचा विश्वास या पिशवीच्या मोलांत धरलेला असतो. जाहिरातींच्या परिषदेनें २०२१ सालीं व केंद्र सरकारच्या ग्राहक विभागानें २०२३ सालीं याविषयीं नियम केले : पैसे, वस्तु अथवा प्रवासखर्च घेऊन शिफारस केली असेल तर तसें ठळकपणें व सोप्या भाषेंत लिहावें. नियम चांगला आहे. पण तो नसता तरी उमरग्याच्या बाजारांत जी बाई भाजीवालीला 'आज वांगीं किडकीं आहेत' असें तोंडावर सांगते, तिला तो नवा वाटण्याचें कारण नाहीं. पिशवी घ्यावी न घ्यावी हें ज्याचें त्यानें ठरवावें. घेतल्याचें लिहावें, एवढें मात्र टळतां कामा नये.

शहरासाठीं निदान एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. उमरग्याहून निघालेली बस मुसी नदीच्या पात्राशेजारीं महात्मा गांधी स्थानकांत पोंचते, आणि तेथून जुनें शहर पायीं पाहतां येतें. २०१७ सालापासून धांवणारी मेट्रो सोयीची आहे खरी. परंतु ती शहराच्या डोक्यावरून जाते, आणि राहणी खालीं असते.

सकाळीं प्रथम चहा. येथील इराणी चहा उमरग्याच्या चहाहून भिन्न रीतीनें होतो. चहाचा अर्क झांकलेल्या भांड्यांत मंद आंचेवर वेगळा ठेवतात, दूध वेगळें आटवितात, आणि दोन्हींची भेट कपांत होते. म्हणून रंग गडद, चव दाट आणि उकळल्याचा कडवटपणा नाहीं. हें मालकास विचारून, शक्य तर भटारखान्याच्या दारांत उभें राहून पाहावें. नुसतें 'चहा अप्रतिम होता' असें लिहिणारा लेखक वाचकाच्या हातीं कांहींच देत नाहीं.

मग चारमिनार. तो १५९१ सालचा आहे हें फलकावरहि वाचावयास मिळतें. त्याच्या पश्चिमेचा लाड बाजार पाहावयास वेळ अधिक लागतो. येथील लाखेच्या बांगड्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. लाख निखाऱ्यावर मऊ करावयाची, तिची दोरी वळावयाची, मापानें कापून गोल करावयाची आणि ऊन आहे तोंवर चिमट्यानें एकेक कांचखडा बसवावयाचा, असें हें काम. लाख थंड झाली कीं खडा बसत नाहीं, फार तापली तर बुडतो. कारागिराचें सारें कौशल्य या दोन क्षणांच्या मध्यें आहे. दुकानांत भाव करणाऱ्या शंभर जणी भेटतात. मागच्या गल्लींत जाऊन निखाऱ्यापाशीं बसलेल्या माणसाशीं बोलणारी एखादीच.

नदीकडे परततांना अफझलगंज लागतें. तेथें १८९१ सालीं स्थापन झालेलें, पूर्वीं आसफिया म्हणून ओळखलें जाणारें मोठें ग्रंथालय आहे, आणि जवळच उस्मानिया रुग्णालयाच्या आवारांत एक जुनें चिंचेचें झाड. २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसीला महापूर आला, हजारों माणसें वाहून गेलीं आणि या एका झाडावर चढून सुमारें दीडशें जीव वांचले. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्यानें शहराच्या वर धरणें बांधलीं गेलीं : उस्मान सागर १९२० मध्यें आणि हिमायत सागर १९२७ मध्यें. शहर वाढलें तसें तेंहि पाणी अपुरें पडलें आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत मांजरा नदीचें पाणी हैदराबादच्या नळांना आणण्यांत आलें. मांजरा ही बालाघाटाच्या डोंगरांतून निघून मराठवाड्यांतून वाहणारी नदी, आणि तिला मिळणारी तेरणा ही तर धाराशिव जिल्ह्याची. पाहुणी हैदराबादेंत पाण्याचा पेला तोंडाला लावते तेव्हां त्या शहराशीं तिच्या गांवाचें नातें किती जुनें व किती ओलें आहे हें तिला ठाऊक असावें.

सायंकाळ सुलतान बाजार व काचीगुड्याकडे घालवावी. पिढ्यान्‌पिढ्या येथें राहिलेल्या मराठी कुटुंबांनीं विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था उभारली, मराठी ग्रंथ संग्रहालय चालविलें. मराठी साहित्य परिषदेनें 'पंचधारा' हें त्रैमासिक काढून शेजारच्या भाषांतील साहित्य मराठींत आणलें. या घरांतील भाषा ऐकण्यासारखी आहे, आणि जेवण तर त्याहून. गोंगुऱ्याची म्हणजे आपल्या अंबाडीची चटणी आणि पुरणपोळी एकाच ताटांत येथें संकोचावांचून नांदतात.

इतकें पाहिल्यावर परतलेल्या लेखकाच्या मनांत एक मोह उत्पन्न होतो. तो म्हणजे यापुढें शहरासारखें लिहावें. भाकरी सोडून बिर्याणी, वाड्याऐवजीं बंगल्याची सजावट. हा मोह कां टाळावा, याचें उत्तर उमरग्याच्या आसमंतांतच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपति विसर्जनाची रात्र सरतां सरतां, पहाटे चारला कांहीं मिनिटें असतां भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गांवांत जवळजवळ आठ हजार माणसें गेलीं. दगडमातीच्या रुंद भिंती, लांकडी तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असलेलीं माळवदाचीं घरें उन्हाळ्यांत गार राहत. तोच भार त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आला. पुढें अनेक गांवें नव्या जागीं, नव्या पद्धतीनें बांधलीं गेलीं, आणि तें योग्यच झालें. पण माळवदाबरोबर एक संबंध राहणी गेली. भिंतींत धान्य सांठविण्याचें बळद, दिव्याची देवळी, पाहुण्यांची ढेळज, माळवदावर वाळत घातलेल्या कुरडया. दर पावसाळ्यापूर्वीं वरची माती कशी बदलीत, बळदांत कीड लागूं नये म्हणून काय घालीत, हें ज्या बायकांना ठाऊक होतें त्यांतील कित्येकजणी त्या रात्रीं गेल्या. घरांच्या रचनेवर अभियंत्यांनीं लिहिलें. घरांत कसें राहत होते हें लिहिणारें मात्र फार थोडें कोणी होतें. ज्या आज सत्तरीच्या आहेत त्यांना विचारण्यास अजून वेळ आहे, पण तो फार नाहीं.

तेव्हां हैदराबादेंत चहाच्या भटारखान्यापाशीं उभें राहून जें पाहिलें तसेंच घरीं पाहावें. वेळ अमावास्येचें उदाहरण घ्यावें. मार्गशीर्षांतील या अमावास्येला उमरग्याच्या पंचक्रोशींत घरें ओस पडतात व शेतें भरतात. कडब्याची कोप उभारून तींत चुना लावलेले पांडवांचे दगड पूजितात. हिरव्या तुरी, वाटाणे, पालेभाज्या एकत्र शिजवून भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मातीच्या बिंदगींत ताकाची आंबील. 'हातानें अंदाजे घालावें' असें आजी सांगेल; तेव्हां तो हात वाटीनें मोजावा. आंबील किती तास मुरते, थंडी अधिक असली तर काय करतात, भज्जींत हरभऱ्याचें पीठ केव्हां घालतात, कोणत्या घरांत चिंच व कोणत्या घरांत नाहीं, हें चार घरीं विचारून लिहावें आणि सांगणारीची अनुमति घेऊन तिचें नांव द्यावें.

हैदराबादेस ज्यांची ओळख झाली त्यांना याच सणाला बोलवावें. उस्मानाबादेस जानेवारी २०२० मध्यें फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखालीं त्र्याण्णवावें मराठी साहित्य संमेलन भरलें, तेव्हां दूरदूरच्या साहित्यिकांनीं हा मुलूख पाहिला; परंतु ते मंडपांत जेवले, शेतांत नव्हे. वेळ अमावास्या डिसेंबरांत किंवा जानेवारीच्या आरंभीं येते, तिची तिथि पंचांगांत अगोदर पाहून ठेवावी आणि निमंत्रण संमेलनांतल्या भेटींतच द्यावें. हैदराबादेहून सकाळीं लवकर निघालेला पाहुणा दुपारच्या पंगतीला कोपीपाशीं पोंचतो. त्याला आणावयास राजमार्गावर कोणी तरी उभें असावें, कारण त्या दिवशीं गांवांत पत्ता सांगावयास माणूस सांपडत नाहीं.